एका मारिओ कार्टसाठी पाचशे डॉलर?

प्रश्न (२०२५ मधला, स्विच २ बाजारात येण्याआधीचा) : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ५ जूनला येणाऱ्या निन्टेन्डोच्या स्विच २ या गेम-कन्सोलसाठी अकरा वर्षांच्या मुलाने घर डोक्यावर घेतलंय. सोबत येणाऱ्या गेमची यादी बघितली तर आमच्या कामाचा नवा गेम एकच, गाड्यांच्या शर्यतीचा मारिओ कार्ट वर्ल्ड. बाकी बहुतेक जुनेच. झेल्डा मालिकेतले यादीतले दोन्ही गेम त्याच्याकडे आहेत. लगेच घ्यावा की थांबावं?

उत्तर : ताई, यादी तुम्ही बरोबर वाचलीत. सायबरपंक २०७७, हिटमन, याकुझा ० ही नावं भारदस्त, पण दुसऱ्या कन्सोलवर खेळून झालेली. आणि अकरा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची तर मुळीच नाहीत.

पण एकाच गेमला नाक मुरडू नका. निन्टेन्डो ६४ हा जुना कन्सोल अमेरिकेत १९९६ मध्ये आला तो दोनच गेम घेऊन. २०१७ च्या मार्चमध्ये मी पहिला स्विच घेतला तेव्हा माझ्याकडेही एकच कार्ट्रिज होतं, झेल्डाचं 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. त्यात पाऊस लागला की गेमचा नायक लिंक कड्यावरून घसरतो. बाहेर जुलैची झड, आत हा घसरतोय, आणि बायको विचारतेय, "अजून त्याच डोंगरावर?" दिवाळीपर्यंत दुसरं कार्ट्रिज लागलं नाही.

मारिओ कार्टचं मात्र वेगळं आहे, ते एकट्याने खेळण्यात मजा नाही. शनिवारी तुमच्याकडे किती पोरं जमतात? तीन-चार जमत असतील तर मारिओ कार्टसकटचा ४९९.९९ डॉलरचा संच घ्या; सुटं घेतलं तर तीस डॉलर जास्त पडतात. मुलगा एकटाच खेळणारा असेल तर १७ जुलैला 'डाँकी काँग बनान्झा' येतोय, तोवर खुशाल थांबा.

सुट्टीत भारतात येणार असाल तर आणखी एक. 'स्ट्रीट फायटर ६' सारख्या काही डब्यांतल्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम नेटवरून उतरवावा लागतो. तो निघण्याआधी उतरवा. आणि नवे गेम मेमरी कार्डावर साठवायचे तर नव्या जातीचं मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं. माझ्या खणातली चार जुनी कार्डं आता फोटोंपुरती.

झेल्डाची जुनी कार्ट्रिजं नव्यात चालतील. चित्र सुधारण्याचे प्रत्येकी दहा डॉलर मात्र आत्ताच देऊ नका. आधी चिरंजीवांना विचारा, झेल्डातल्या खलनायकाला, गॅननला, हरवलंय का?