नागपुरात मानेच्या दुखण्यासाठी कपिंग कुठे करावं, आणि त्यातून खरंच अशुद्ध रक्त निघतं का?

कपिंग, म्हणजे अंगावर कातडी ओढून धरणारे कप लावणं, कुठे करावं ते नंतर पाहू. आधी ते 'अशुद्ध रक्त' निकालात काढतो, कारण त्याच्यापायी आमच्या घरातली एक भाऊबीज नासली आहे.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढणे हाच आपला धंदा. आमचे जिजाजी महालात राहतात. शुगर जुनी, त्यात हृदयात स्टेंट. पाठ दुखते म्हणून कोणीतरी त्यांना हिजामा सुचवला, म्हणजे ब्लेडने बारीक चिरे देऊन करतात ते वेट कपिंग. मोमिनपुऱ्यातल्या एकाचा पत्ता मिळाला आणि मला म्हणाले, "तू रक्तातला माणूस आहेस, चाल सोबत."

तिथे नाक मुरडायच्या तयारीनेच गेलो होतो, पण जागा चांगली निघाली. हातात ग्लोव्हज, ब्लेडचं पाकीट पेशंटसमोर फोडायचं, वापरलेले कप लाल पिशवीत, ब्लेड वेगळ्या पांढऱ्या डब्यात. काही लॅबमध्येही इतकी शिस्त नसते. त्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "खून पतला करने की गोली चालू है क्या?" जिजाजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाही." मी बाजूलाच बसलो होतो. त्यांच्या गोळ्यांचा डबा मला पाठ आहे. म्हणालो, "क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन, दोन्ही सुरू आहेत." त्याने हातातलं पाकीट न फोडता परत ठेवलं. "पहले अपने डॉक्टर से पूछ के आओ भाईजान."

गांधीबाग येईपर्यंत जिजाजी गप्प. मग सुरू झाले, "चारचौघांत माझी इज्जत काढली तू. मेव्हणा आहेस का दुश्मन आहेस बे?"

त्यानंतर ते गुपचूप दुसरीकडे जाऊन करून आले. तिथे कोणी काही विचारलं नाही. भाऊबीजेला ओवाळणं झालं, फराळाची ताटं आली, आणि यांनी सदरा वर करून सगळ्यांना पाठीवरचे गोल डाग दाखवले. "पाहा, काळंकुट्ट, जेलीसारखं रक्त निघालं. सगळी घाण निघून गेली. शुगरबी उतरली."

आता ऐका. कप लावला की आत हवेचा दाब कमी होतो, कातडी वर ओढली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली साचतं. तो गोल डाग म्हणजे साधा मुका मार. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर सगळ्या जगाने पाहिले तेच डाग. जितका डाग काळा तितकी घाण जास्त, हे पेशंटला खूश ठेवायचं बोलणं आहे. शिरेतलं रक्त गडदच असतं, कारण त्यातला काही ऑक्सिजन वापरून झालेला असतो. माझ्या सिरिंजमध्ये रोज सकाळी तेच येतं, पैलवानाचंही आणि आजाऱ्याचंही. आणि शरीराबाहेर पडलेलं रक्त गोठणार नाही तर काय करेल? ते गोठू नये म्हणून तर आम्ही जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये औषध घालून ठेवतो. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडनी आहेत, आणि त्या सिटिंगचे पैसे घेत नाहीत.

हे सगळं मी तिथे ताटावर बसून सांगितलं. जिजाजी म्हणाले, पुस्तकी गोष्टी नको करू. मग मीही पेटलो. बॅग गाडीतच होती. लाल टोपणाची साधी ट्यूब आणली, स्वतःच्या हाताला पट्टा बांधला आणि सगळ्यांसमोर स्वतःचं रक्त काढून ट्यूब चिवड्याच्या डब्याजवळ उभी करून ठेवली. ताई ओरडत होती, सणाच्या दिवशी हे काय करून राहिला म्हणून. चहा होईपर्यंत ट्यूबमध्ये काळपट जेली तयार. उलटी केली तरी हलेना. "घ्या," म्हटलं, "हीच ना तुमची घाण?"

जिजाजींनी ट्यूब उजेडात धरली, नीट पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे तुझंबी रक्त खराब आहे. तूही एक सिटिंग घेऊन टाक."

सगळे हसले. मी उठून आलो. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे, हे सुश्रुतापासून चालत आलं आहे. आलंय ना! शिंग, तुंबडी, जळू, सगळं लिहिलेलं आहे. पण ज्यांचं रक्त काढू नये त्यांची यादीही त्याच सुश्रुताने दिली आहे, आणि त्यात पांडुरोगी, म्हणजे अंगात रक्त कमी असलेले, आणि गर्भिणी आहेत. ती यादी जिजाजी कधी सांगत नाहीत. आपल्या विदर्भात तर हे जास्त लागू पडतं. इथे सिकलसेल, म्हणजे रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार, किती घरांत आहे! ज्याचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊवर अडकलंय त्याने कपात रक्त सांडायचं कशासाठी?

तर तुमची मान. मिहानमध्ये दिवसभर लॅपटॉपवर बसता असं लिहिलंय. बिनरक्ताच्या, ड्राय कपिंगने मान-पाठीला थोडे दिवस आराम मिळाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. मात्र पाठीवर कप आहे हे पेशंटला कळतंच, त्यामुळे आराम कपाचा की मनाचा हे वेगळं काढणं कठीण. कायमचं जातं, असं सांगणाऱ्याकडून उठून या. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली झाली असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, कपबिप नंतर.

जागेचं नाव मी देणार नाही. जिथे गोळ्यांबद्दल विचारतात आणि ब्लेड तुमच्यासमोर फोडतात तिथे जा. जिथे विचारत नाहीत तिथे हिपॅटायटिस बी फुकट मिळू शकतो. आग लावून कप बसवणाऱ्यांकडे भाजण्याचीही भीती असते. आणि हो, आराम पडला म्हणणारे सगळे खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. जिजाजींची पाठही काही दिवस बरी होती, हे ताईनेच सांगितलं.

पण शुगर उतरली हे मी मानत नाही. एका सकाळच्या रिपोर्टवर काही ठरत नसतं. जिजाजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, भाचा तुम्हाला लिंक पाठवतोच. एचबीएवनसी करून घ्या, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर कळते. सॅम्पल मी घरी येऊन घेईन, पैसे लागणार नाहीत, आणि रिपोर्ट ताईच्या हातात देईन.