कॉलेज संपलं, आता बॅज कुठे लावायचा?

अगं, पदवी मिळाली म्हणून सोरॉरिटीची, म्हणजे अमेरिकी कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची, अक्षरं छापलेले टी-शर्ट लगेच दान करू नकोस. दोन-तीन होमकमिंगसाठी, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या सोहळ्यासाठी, ठेव, बाकीचे चॅप्टरमधल्या (संघटनेच्या तुमच्या कॉलेजातल्या शाखेतल्या) धाकट्या मुलींना दे. नोकरीच्या ठिकाणी ते घालायचे नाहीत, हे सांगायला नकोच.

सोरॉरिटीच्या बॅजचं, म्हणजे सदस्यत्वाच्या त्या छोट्या पिनचं, मात्र नीट समजून घे. तो डाव्या बाजूला, हृदयाजवळ लावतात आणि बहुतेक सोरॉरिटींत चांगल्या कपड्यांवरच, जीन्सवर नाही. साडीवर लावायला हरकत नसावी, तरी आपल्या संस्थेचा नियम आधी विचार. मार्चच्या पहिल्या सोमवारी आंतरराष्ट्रीय बॅज दिन असतो. १९९७ पासूनची प्रथा आहे. त्या दिवशी ऑफिसात बॅज लावून जा. कुणीतरी विचारतंच, आणि कधी कधी विचारणारी दुसऱ्या सोरॉरिटीची निघते.

पण खरा अभिमान कपाटात नसतो, असं माझं मत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सोरॉरिटींकडे बघ. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये सुरू झालेल्या अल्फा कॅपा अल्फाच्या बायका पन्नाशी-साठीतही गुलाबी-हिरव्या रंगात दिसतात, कारण त्यांच्या पदवीधर चॅप्टरचं काम चालूच असतं: शिष्यवृत्त्या, मतदार नोंदणी. कमला हॅरिसही त्यांच्यातल्याच.

तेव्हा नव्या शहरात गेलीस की आधी तिथला माजी सदस्यांचा अ‍ॅल्युम्नी चॅप्टर शोध. वर्गणी भर, एक तरी समिती घे. बायोडेटात नुसतं नाव नको, काय सांभाळलंस ते लिही: खजिना, भरती, निधी. आणि गाडीवर सोरॉरिटीचा एकच स्टिकर, बाई!