लेहला स्मार्टवॉचमधला ऑक्सिजन कितपत खरा मानायचा?

जूनमध्ये आई-वडिलांना लेहला नेताय आणि घड्याळ ऑक्सिजन दाखवतं, मग वेगळं ऑक्सिमीटर कशाला, असं विचारलंय तुम्ही. न्याच. विकत घ्यायचीही गरज नसेल. कोरोनात आपल्या कोल्हापुरात घरटी एक आलं होतं, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये बघा. सेल तेवढे बदला.

आम्ही चौघं दोस्त दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर, लेह साडेतीन हजारावर, आणि आम्ही विमानानं थेट उतरलेलो. पहिल्याच रात्री एकाच्या घड्याळानं ७४ दाखवलं. "भावा, ७४ म्हणजे गेलोच की!" गड्याचं तोंड एवढंसं झालं. हात रजईबाहेर, पट्टा ढिला, बोटं गारठलेली. बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर त्यावरही नुसत्या रेघा. मग चहाचा ग्लास पाच मिनिटं दोन्ही हातांत धरायला लावला. आकडा ८७ वर येऊन थांबला. लेहमध्ये पहिल्या दिवशी एवढा असतोच.

बोटाच्या यंत्रात प्रकाश एका बाजूनं शिरतो आणि दुसऱ्या बाजूला मोजला जातो. मनगटातून तो आरपार जात नाही, म्हणून घड्याळ कातडीवरून परत आलेल्या उजेडावर हिशेब करतं. तिथं रक्त आधीच कमी, त्यात थंडीनं शिरा आखडतात. हात हलला की संपलंच.

शिवाय लेहला आकडा खरोखरच वर-खाली होतो. इथं आपण पन्हाळ्याच्या सपाटीवर असल्यासारखे असतो, हवेतला ऑक्सिजन थोडा इकडेतिकडे झाला तरी रक्तातला आकडा ढिम्म. लेहला आपण गडाच्या उतारावर उभे असल्यासारखे, थोड्या फरकानंही आकडा हलतो. चार खोल श्वास घेतले की आकडा चढतो, झोपेत श्वास मंदावला की घसरतो. त्यामुळे रात्री घड्याळानं काढलेला आलेख सकाळी बघत बसू नका, नुसता घोर लागतो.

बोटाचं यंत्रही दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतं, म्हणजे ८४ आणि ८७ मध्ये भांडायचं कारण नाही. सावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्तही दाखवू शकतं. आणि ७० च्या खालचा आकडा अंदाजपंचेच समजा.

मला जास्त भीती वाटते ती चांगल्या आकड्याची. आमच्यातल्याच दुसऱ्याचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली, तरी घड्याळावर ९१ दिसतंय म्हणून पठ्ठ्या खारदुंग ला खिंडीकडे निघाला होता, ५,३५९ मीटरवर! आम्ही गाडीची किल्लीच काढून घेतली. डोकेदुखी, मळमळ असेल तर आकडा काही का असेना, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालताना तोल जायला लागला, तर ऑक्सिजन लावून लगेच दवाखाना गाठायचा आणि खाली उतरायची तयारी करायची.

आई-वडिलांना पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करू द्या. बीपी, दमा असेल तर निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना दाखवा, उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीचंही त्यांनाच विचारा. आणि आत्तापासून आठवडाभर रोज त्याच बोटावर, पाच मिनिटं शांत बसवून रीडिंग घ्या, म्हणजे दोघांचा घरचा आकडा माहीत होईल. आईंच्या नखांना नेलपॉलिश असेल तर त्या एका बोटाचं पुसून टाका.