वरवंटाही दूध प्यायला होता

प्रिय ईरा,

परवा शाळेचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात तू ‘कोणताही नाही’वर खूण केलीस आणि मान वर न करता मला विचारलंस, “आई, तूही देव मानत नाहीस ना? मग गणपती कुणासाठी आणतेस? आजीला फोटो पाठवायला?”

मी कणीक मळत होते. “नंतर बोलू” म्हणाले आणि दोन दिवस बोललेच नाही. राग आला नव्हता. लागलं मात्र. कारण फोटोचं अगदीच खोटं नाही. म्हणून हे लिहितेय. तू मराठी हळूहळू वाचतेस, तेव्हा एका बैठकीत वाचून संपवायला हवं असं काही नाही.

तुझ्या खुणेबद्दल माझं काही म्हणणं नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्क्यांहून जास्त लोकांनी हेच उत्तर दिलं होतं. मी ‘हिंदू’ लिहिलं. तो प्रश्न ऐच्छिक होता, सोडून देता आला असता. का सोडला नाही, याचा विचार तू विचारलंस तेव्हापासून करतेय.

माझ्या वडिलांपासून, तुझ्या आबांपासून सुरुवात करते. तुला ते माहीत आहेत ते आरामखुर्चीतले, कानाला यंत्र लावलेले. माझ्या लहानपणी ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दांडिया बाजारात आमच्या वाड्यात एकटेच नास्तिक होते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी सातवीत होते. पितृपक्ष चालू होता. सकाळीच कुणीतरी ओरडत आलं, गणपती दूध पितोय! दिल्लीहून बातमी आली आणि बघता बघता वडोदऱ्यात देवळांसमोर रांगा लागल्या. त्याच दिवशी इथे लंडनच्या साउथहॉलपर्यंत मूर्ती दूध प्यायला लागल्या होत्या. तुझी आजी मला घेऊन रांगेत उभी राहिली, पेल्यावर झाकण ठेवून. आमची पाळी आली तेव्हा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, चमचा सोंडेला लागला आणि दूध कमी व्हायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. तो काटा खरा होता, ईरा. आजही आठवला की येतो.

संध्याकाळी आबा घरी आले. काही बोलले नाहीत. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला, धुतला, ओटीवर उभा केला आणि त्याच्या ओल्या टोकाला दुधाचा चमचा लावला. दूध गेलं. दुसरा चमचा, तोही गेला. मग त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. काळ्या दगडावरून दुधाचा एक पातळ ओघळ उतरत होता, बुडाशी थारोळं साचलं होतं. पृष्ठताण दुधाला चमच्याबाहेर ओढतो आणि पुढे ते दगडाला धरून खाली सरकतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, काळ्यावर दिसतं. दिल्लीच्या सरकारी शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन हेच दाखवलं, ते आम्हाला नंतर कळलं. आजीनं सगळं शांतपणे बघितलं, फडक्यानं ओटी पुसली आणि म्हणाली, “मग वरवंट्यातही आहे म्हणा ने.”

बारा वर्षांच्या मला त्या दिवशी आबा जिंकले असं वाटलं होतं. आता आजीचं वाक्य मला जास्त वेळा आठवतं. ते बरोबर होतं म्हणून नव्हे. आबांनी तिला गप्प करायला काही केलं नव्हतं आणि तिनंही त्यांना. रात्री दोघं एकाच ताटात पोहे खात बसले होते.

तरी माझा देव त्या वरवंट्यानं नेला नाही. तो कुसुमआत्यामुळे गेला.

आत्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली आणि माहेरी परत आली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करायची. सायकलवरून जायची, सगळ्या वाड्याला गोष्टी सांगायची. गणपतीचे एकवीस मोदक तिचेच. इतक्या बारीक कळ्या तिच्याइतक्या कुणालाच जमायच्या नाहीत. उकड हातावर थापून अंगठ्यानं एक एक पाकळी ओढायची, बोटांना सारखं तेल-पाणी लावत. सोळा-सतरा पाकळ्या तर सहज. रांगोळीही तिचीच. पण गुरुजी आले की ती माजघरात. गौरींच्या हळदीकुंकवाला पाळणाघरासारखी आम्हा पोरांना घेऊन मागच्या खोलीत बसायची आणि दार लोटून घ्यायची. दार तिचं तीच लोटायची, कुणी सांगायचं नाही. मला वाटायचं, तिला आम्हीच जास्त आवडतो. तेरा-चौदा वर्षांची झाले तेव्हा कळलं.

मी आबांना विचारलं. ते कामाठी बागेत मला दर महिन्याला एका झाडाखाली घेऊन जायचे आणि सांगायचे, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीला आले, तर या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या मुक्कामघरात नाव बदलून राहिले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, तोवर पाच तास या बागेत बसले. आबा हे सांगताना आवाज बदलायचा त्यांचा. “देव कुणाचाही असू दे, दार सगळ्यांनी तसंच लावलं,” म्हणायचे. आणि पुढे आपल्यासारख्या घरांचं नाव घ्यायलाही कचरायचे नाहीत. १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा राजा इथे होता, पुरोहितांना परीक्षा देऊन पात्रता सिद्ध करायला लावणारा कायदाही त्यानं १९१५ साली केला होता, तरी गाव तसंच, असंही ते सांगत.

म्हणून मी विचारलं, मग आत्या आत का? आबा म्हणाले, “गुरुजींना दुखवून काय मिळणार? तुझ्या आईला वाईट वाटेल.” देव दूध पीत नाही हे त्यांनी एका संध्याकाळीत दाखवलं होतं, पण हळदीकुंकवाच्या वेळी एकदाही दार उघडलं नव्हतं. तो दिवस मला दुधाच्या दिवसापेक्षा जड गेला. आबांवर मी अजून पूर्ण रागावूही शकत नाही. आजीचं मन राखणं हा त्यांचा धर्म होता, असं ते म्हणाले असते. कदाचित.

दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या, तेव्हा आबा फोनवर रडले होते. तू तेव्हा तीन वर्षांची. देवाला आपला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असं दाभोलकर सांगायचे. आबांना तेवढंच मान्य होतं. मला आता वाटतं, लुबाडणूक फक्त बुवाबाबांच्या तंबूत नसते. आमच्या माजघरातही होती, आणि तिला कुणी लुबाडणूक म्हणत नव्हतं.

म्हणजे तुझं बरोबर आहे. मग गणपती का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. एवढं सांगू शकते: आपल्याकडे गुरुजी येत नाहीत, प्राणप्रतिष्ठा होत नाही, आरती ज्याला यायची त्यानं म्हणायची, आणि इथे माजघर नाही. मी मोदक करायला बसले की आत्याचे अंगठे आठवतात. माझ्या मोदकाला नऊ पाकळ्याही येत नाहीत. तू त्याला पूजा म्हणू नकोस, म्हणायचं असेल तर म्हण. पण ते आजीसाठी काढलेले फोटो नाहीत, निदान फक्त तेवढे नाहीत. आणि तू त्या दिवशी खोलीत राहिलीस तरी मी हाक मारणार नाही. हे मनापासून लिहितेय.

एक गोष्ट तू विसरली असशील. २०१९ मध्ये तुझी शाळा आठवडाभर बुडवून आपण वडोदऱ्याला गेलो होतो. गौरींच्या दिवशी आजीनं तुझ्या हातात हळदीकुंकवाची कुयरी दिली आणि सगळ्यांना लाव म्हणाली. तू आठ-नऊ वर्षांची, रांगेत एकापुढे एक लावत सुटलीस. आत्या बहात्तर वर्षांची, कोपऱ्यातल्या मोढ्यावर पेपर वाचत बसली होती, आत जायला तिला उशीर झाला होता. तू तिचा पेपर खाली केलास आणि कपाळावर बोट टेकवलंस. बायका गप्प झाल्या. आजीच्या हातातलं तबक हललं. आत्या हललीही नाही. तू तिला विचारलंस, “हळद पण हवी?” ती म्हणाली, “लाव ने.”

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. आत्यानं ती बातमी मला फोनवरून सगळी वाचून दाखवली, शेवटपर्यंत, आणि मग विचारलं, “ईरा कशी आहे?”

तू तिला कुंकू लावलंस त्या रात्री झोपताना मी तिच्या खोलीत डोकावले होते. दिवा बंद होता, मच्छरदाणीतून नीट दिसत नव्हतं. सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर तांबडा डाग होता. तो तिनं स्वतः धुतला, कुणाला देऊ दिला नाही.

तुझी,
आई