कॅमशाफ्ट शेवटच्या बुशात अडकतोय, ठोकून बसवला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर, इंजिन घरीच खोललं, कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तिन्ही बुश, म्हणजे तो ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या, नवे टाकले. कॅमशाफ्ट आरामात आत जातो, पण शेवटी बोटभर राहिला की अडकतो. लाकूड लावून ठोकला तर बसतो, मात्र हाताने फिरत नाही. इंजिन चालू झाल्यावर आपोआप मोकळा होईल का?

नाही होणार दादा. ठोकणं आत्ताच थांबवा. टॅपेट आणि पुश रॉडचा (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) भार नसताना, तेल लावलेला कॅमशाफ्ट दोन बोटांनी फिरला पाहिजे. तो जोर मागत असेल तर बुश तरी चुकीचा बसलाय, नाहीतर शाफ्ट तरी वाकलाय.

आता शेवटच्या बोटभरातच का अडकतो ते बघा. कॅमशाफ्ट समोरून आत जातो. त्याचं मागचं जर्नल (बुशात फिरणारा गोल गुळगुळीत भाग) आधी पुढच्या बुशातून जातं, मग मधल्यातून. तोवर तिन्ही जर्नलं एकदम बुशात नसतात. शेवटी मात्र तिन्ही जर्नलं आपापल्या बुशात जवळपास एकाच वेळी शिरतात. म्हणजे दोष मागच्याच बुशात आहे असं नाही. तो मधल्यात असू शकतो, पुढच्यात असू शकतो, किंवा तिन्ही बुश एका रेषेत नसतील.

म्हणून शाफ्ट बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने तिन्ही जर्नलं मोजा. तिन्हींचं माप एकच असेल तर पुढच्या आणि मधल्या बुशाचं माप ठीक आहे, कारण मागचं जर्नल त्यातूनच सुटं गेलं. पण बऱ्याच इंजिनांत जर्नलं पुढून मागे बारीक होत जातात. तसं असेल तर ते सुटं जाण्याला काही अर्थ नाही, मग प्रत्येक बुश आतून मोजावाच लागेल. बुशांची अदलाबदल झाली का हेही तेव्हाच कळतं. आणखी एक, बुश दाबून बसवला की आतून आवळतो. काही बुश तयार मापाचे येतात, काही बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारायचे असतात. दुकानदाराने हे सांगितलं नसेल तर डब्यावर आणि मॅन्युअलमध्ये बघा.

मग निशाण काढा. मार्किंग ब्लू (घासल्याची जागा दाखवणारा निळा रंग) मिळाला तर उत्तम, नाहीतर काळ्या मार्करने बुश आतून रंगवा. शाफ्ट हाताने जाईल तेवढा घाला, थोडा फिरवा, काढा, आणि टॉर्च धरून बघा. फक्त कडेवर खरचटलं असेल तर बुश बसवताना कड उचलली गेलीय, स्क्रेपरने हलकेच मोडली की काम झालं. सगळीकडे गोल घासलं असेल आणि जर्नल एकाच बाजूला चमकत असेल, तर शाफ्ट वाकलाय. उलट बुशात एकाच जागी डाग आणि जर्नल मात्र चहूबाजूंनी घासलेलं, तर बुश तिरपा आहे किंवा रेषेबाहेर आहे. शाफ्टची शंका असेल तर तो व्ही-ब्लॉकवर (V खाचेच्या आधारावर) ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्माच वाक असतो, हे लक्षात ठेवा.

रेषेचा दोष आमच्याकडे बराच दिसतो. माझं गॅरेज अंबाजोगाईकडे आहे. उन्हाळ्यात रेडिएटरात बोअरचं जड पाणी, आतून क्षार धरलेले, आणि मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. इंजिन तापतं, ब्लॉक ताण धरतो, आणि बुशाची भोकं किंचित सरकतात. मग एकेका बुशाला हाताने रीमर मारून काही उपयोग नाही. बोरिंगवाल्याकडे ब्लॉक न्या आणि तिन्ही बुश एकाच बारवर, एकाच सेटिंगमध्ये करून मागा. 'लाइन बोर करा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तोही एकेक करून देतो.

बुश पुन्हा काढावे लागले तर ऑइलच्या भोकाकडे नीट बघा. बुशाचं भोक आणि ब्लॉकमधल्या गॅलरीचं (तेलाच्या वाटेचं) भोक समोरासमोर आलंच पाहिजे. निम्मं झाकलेलंही मी चालवून घेत नाही. बारीक तार घालून बघा, मग तेलाच्या कुप्पीने गॅलरीत रॉकेल सोडा. ज्या ज्या बुशाला गॅलरीतून वाट आहे, तिथून धार आली पाहिजे. एक बुश कोरडा राहिला तर इंजिनात तेल भरलेलं असूनही तो काही तासांत जळतो.

आता ठोकण्याचं. मी शिकाऊ असताना असाच एक कॅमशाफ्ट लाकडी ठोकळ्याने बसवला होता. फिरला, मलाही बरं वाटलं. आठवड्याने तोच ट्रॅक्टर परत आला, क्लच घसरत होता. बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) उघडलं तर आत तेल. कॅमच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये पत्र्याचा प्लग असतो, तो ठोक्याने बाहेर ढकलला गेला होता. त्या शेतकऱ्याची सोयाबीनची पेरणी माझ्यामुळे अडली, ते अजून मनात आहे. तुम्हीही ठोकलंय, म्हणून मागचा प्लग आधी बघा. हलला असेल तर तोच पुन्हा बसवू नका, नवा घ्या. फ्लायव्हील बाहेर आहे तोवरच हे सोपं आहे.

टॅपेटचंही बघून घ्या. काही इंजिनांत ते कॅमच्या आधी खालून घालावे लागतात, आणि ब्लॉक सरळ उभा असेल तर एखादं खाली घसरून शाफ्टच्या आड येतं. ब्लॉक उलटा करून कॅम घातला की हा प्रश्नच येत नाही. कॅम नवा असेल तर टॅपेटही नवेच टाका, जुनं टॅपेट नवा लोब (कॅमचा उंचवटा) खातं.

तिन्ही जर्नलं, तिन्ही बुश यांची मापं आणि निशाणाचा फोटो इथे टाका. मग रीमरने भागेल की ब्लॉक बोरिंगला न्यावा लागेल, ते सांगतो.