अलास्का क्रूझ संपते त्याच दिवशी दुपारचं परतीचं विमान घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन व्हँकुव्हरहून सात दिवसांची अलास्का क्रूझ करताय, जहाज शनिवारी सकाळी ७ ला परत लागतं आणि त्याच दुपारी अडीचचं हाँगकाँगमार्गे मुंबईचं तिकीट बऱ्यापैकी स्वस्त मिळतंय, तर ते काढावं का.

नका काढू. एक रात्र थांबा. आम्ही २०२४ च्या जूनमध्ये अगदी हेच केलं होतं, बाबा तेव्हा ७१ चे आणि आई ६७ ची, सोबत सिअ‍ॅटलहून आलेला माझा भाऊ, वहिनी आणि सहा वर्षांचा भाचा. विमान चुकलं नाही, सगळे सुखरूप घरी पोचलो, म्हणजे जमतच नाही असं नाही. पण त्या दिवशी आईबाबांची जी दमछाक झाली ती आठवली की अजून वाईट वाटतं, आणि वाचलेले पैसे तर त्या मानाने काहीच नव्हते.

आधी हे लक्षात घ्या की क्रूझ खरी संपते ती आदल्या संध्याकाळीच. मोठ्या बॅगा भरायच्या, जहाजवाल्यांनी दिलेले रंगीत टॅग लावायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवून द्यायच्या, त्या रात्रीतून उचलून नेतात आणि सकाळी बंदरावरच्या हॉलमध्ये टॅगच्या रंगाप्रमाणे रांगेत लावलेल्या मिळतात. सोय चांगली आहे, म्हाताऱ्या माणसांना बॅगा ओढाव्या लागत नाहीत. पण त्या बॅगेत जे गेलं ते सकाळी खाली उतरेपर्यंत हाताला लागत नाही. आईने बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा नेहमीच्या सवयीने कपड्यांच्या घडीत ठेवला, गेली कित्येक वर्षं प्रत्येक प्रवासात ती तसाच ठेवते, आणि सकाळी साडेसहाला बाबा गोळी मागायला लागले तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. ती गोळी त्यांना साडेदहाला मिळाली. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक जोड कपडे आणि एक स्वेटर हे हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन असेल तर ते विमानातही चेक-इन बॅगेत टाकायचं नाही, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत ते गोठून वाया जाऊ शकतं. आणि व्हँकुव्हर आणि आपल्यात जूनमध्ये साडेबारा तासांचा फरक असतो म्हणजे सकाळची गोळी एकदम रात्रीवर येते, तेव्हा प्रवासाच्या दिवशी कुठली गोळी किती वाजता घ्यायची हे निघायच्या आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आयत्या वेळी विमानात बसून बोटांवर तास मोजणं फार अवघड जातं.

पहाटे मात्र चुकवू नका. जहाज लायन्स गेट ब्रिजखालून आत येतं, हा १९३८ चा झुलता पूल आहे, आणि वरच्या डेकवर उभं राहिलं की जहाजाची चिमणी आता पुलाला घासणार असंच वाटतं. बाबा शाल पांघरून उभे होते, एका बाजूला स्टॅनले पार्कची काळीभोर झाडी, समोर शहराचे दिवे. पूर्ण ट्रिपमधलं त्यांचं सगळ्यात आवडतं दृश्य तेच, हिमनगांपेक्षासुद्धा.

त्यानंतर सगळी घाई. आठच्या सुमाराला केबिन रिकामी करायची, मग लाउंजमध्ये आपल्या रंगाचा पुकारा होईपर्यंत बसून राहायचं, मग अलास्का म्हणजे अमेरिका असल्यामुळे पुन्हा कॅनडाची इमिग्रेशनची रांग. (कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच आहे ना हे आत्ताच उघडून बघा, आणि अमेरिकेचा व्हिसाही लागतोच, व्हँकुव्हरला जहाजात चढायच्या आधी अमेरिकेचे अधिकारी तपासतात.) कॅनडा प्लेसच्या धक्क्यावर एकाच वेळी तीन जहाजं लागू शकतात, त्या दिवशी तीन होती. आमचा रंग नऊ वीसला पुकारला आणि बॅगा घेऊन रस्त्यावर आलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. अडीचच्या विमानासाठी साडेअकराला एअरपोर्टवर पाहिजे, म्हणजे हातात पाऊण तास, आणि टॅक्सीची रांग समोर दिसतेय.

आणि इथेच जे झालं त्यासाठी मी हे एवढं मोठं उत्तर लिहितेय. आपल्याकडे निघताना लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवायची पद्धत असते ना, तसं बाबांनी साताऱ्याहून नातवासाठी एक चांदीचं नाणं आणलं होतं, लाल मखमलीच्या छोट्या बटव्यात, आणि सातही दिवस ते जपून ठेवलं होतं, निघताना देईन म्हणाले होते. निघताना काय झालं तर आमची टॅक्सी आली, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतोय, भाऊ बॅगा डिकीत कोंबतोय कारण त्यालाही गाडी काढून सिअ‍ॅटलला जायचं होतं, आईने वहिनीच्या गालावरून हात फिरवला तेवढाच, भाचा त्याच्या आईच्या खांद्यावर झोपलेला, आणि दार लागलं. पाच मिनिटांनी बाबांनी खिशात हात घातला आणि बटवा बाहेर काढला. काही बोलले नाहीत. नुसता मुठीत धरून एअरपोर्टपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. परदेशात राहणाऱ्या लेकराचा निरोप दोन-तीन वर्षांतून एकदाच घ्यायला मिळतो हो, तो टॅक्सीच्या रांगेत नका घेऊ.

व्हीलचेअरचं पण सांगते कारण बाबांच्या गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे. जहाजाची व्हीलचेअर मागितली तर देतात, आधी रिसेप्शनवर नाव द्यावं लागतं, पण ती टर्मिनलच्या दारापर्यंतच. विमान कंपनीची व्हीलचेअर सुरू होते एअरपोर्टवर गेल्यावर, त्यासाठी किमान ४८ तास आधी कळवून ठेवा. मधल्या टप्प्यात कोणाचीच नसते, तिथे आपणच खांदा द्यायचा. सामान कमी असेल तर कॅनडा प्लेसपासून चालत पाच मिनिटांवर वॉटरफ्रंट स्टेशन आहे, तिथून कॅनडा लाइनची मेट्रो साधारण २५ मिनिटांत एअरपोर्टला पोचवते आणि शहरातून एअरपोर्टला जाताना जादा भाडंही पडत नाही, ते जादाचं भाडं एअरपोर्टहून शहरात येताना लागतं. पण दोन ज्येष्ठ आणि पाच बॅगा असतील तर सरळ टॅक्सी करा.

अजून एक गोष्ट अलास्काला जाणाऱ्यांना हमखास नडते. तिथे दुकानादुकानांत उलू मिळतो, तिथल्या आदिवासी बायकांची पारंपरिक सुरी, अर्धचंद्रासारखं पातं आणि वर लाकडी मूठ. आईला ती बघताक्षणी विळीची बहीण वाटली आणि तिने केचिकानच्या बंदरात लगेच घेतली. बऱ्याच जहाजांवर अशी पाती चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या सकाळी परत देतात, म्हणजे तुमच्या मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच गेलेल्या आणि सुरी आता हातात! बंदरावर बॅग मिळाली की तिथेच उघडून सुरी आत टाका, हातातल्या सामानात राहिली तर एअरपोर्टच्या सिक्युरिटीला जप्त. आमची वाचली कारण आईनेच आठवण केली. फळं मात्र जहाजातून खाली आणू नका, बाबांनी दोन सफरचंदं घेतली होती ती टाकून द्यावी लागली.

आता विमान. व्हँकुव्हर ते हाँगकाँग साधारण १३ तास, पुढे मुंबई सहाएक तास. पहिल्या टप्प्यात सूर्य मावळतच नाही, कारण विमान पश्चिमेला त्याच्या मागेच पळत असतं, शनिवारी दुपारी अडीचला निघालो आणि हाँगकाँगला रविवारी संध्याकाळी साडेसहाला उतरलो तेव्हाही बाहेर उजेड होता. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे शनिवारची रात्र आपल्या आयुष्यात येतच नाही, आई सारखी विचारत होती की आज नक्की वार कुठला, तिचा रविवारचा उपास असतो. समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशात विमान उत्तरेकडून वळसा घालत अलास्काच्या बाजूने गेलं, जिथून आम्ही दोन दिवसांपूर्वी जहाजाने आलो त्याच बाजूला, आणि बाबा बोट ठेवून आईला दाखवत होते, हे बघ आपलं जुनो बंदर इथे कुठेतरी.

पायांकडे लक्ष ठेवा. चार तासांहून जास्त असं बसून राहिलं की शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलंय, मूळ धोका छोटाच असतो पण वय झालेल्यांनी जपलेलं बरं. दर दीड-दोन तासांनी उठवा, पाणी पाजत राहा, घोट्यापासून पाय हलवायला लावा, आणि डॉक्टरांना विचारून घट्ट स्टॉकिंग्ज घ्या. आईची पावलं हाँगकाँगला इतकी सुजली होती की चप्पल चढेना. शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी नोंदवा, तिकिटात आपोआप येत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, आणि हाँगकाँगच्या विमान कंपन्यांमध्ये एप्रिल २०२५ पासून ती विमानात वापरता येत नाही आणि वरच्या कप्प्यातही ठेवता येत नाही, त्यामुळे बसायच्या आधी फोन चार्ज करून घ्या. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे बॅगा थेट मुंबईला येतात आणि पहिलं विमान लेट झालं तरी पुढची जबाबदारी त्यांची राहते. वेगवेगळी तिकिटं दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतात, त्या मोहात अजिबात पडू नका.

मुंबईला रात्री बाराला उतरलो, धो धो पाऊस. बॅगा येऊन गाडीत बसेपर्यंत पावणेदोन. ड्रायव्हर बिचारा दहापासून थांबलेला, त्याचेही डोळे तारवटलेले, आणि खंडाळ्याच्या घाटात धुकं असं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडले तर काही दिसेना. मी पूर्ण रस्ता त्याच्याशी बोलत बसले, झोप येऊ नये म्हणून, त्यालाही आणि मलाही. खंबाटकी चढून साताऱ्यात पोचलो तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेसात. व्हँकुव्हरला पहाटे पाचला उठलो होतो तिथपासून मोजलं तर ३८ तास. जूनमध्ये येणार असाल आणि घर पुणे-सातारा-कोल्हापूरकडे असेल तर मुंबईतही नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात झोप काढा आणि उजाडल्यावर निघा.

घरी आल्यावर दोन दिवस आईला जमीन हलल्यासारखी वाटत होती, बाथरूममध्ये भिंतीला धरून उभी राहायची आणि आम्ही घाबरलो की बीपी वगैरे काही आहे का. जहाजावर सात दिवस शरीर लाटांना सरावलेलं असतं, उतरल्यावर ते थोडे दिवस तसंच डोलत राहतं, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत जातं. पण ज्येष्ठ असतील तर तेवढे दिवस एकटं अंघोळीला किंवा जिन्यावर जाऊ देऊ नका आणि फार दिवस राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. झोप रुळावर यायला आठ-दहा दिवस लागले.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं की शनिवारची रात्र रिचमंडला काढा, एअरपोर्ट तिथेच आहे आणि मेट्रोही जाते, गावातल्यापेक्षा हॉटेलं सहसा थोडी कमी पडतात, पण क्रूझचा सीझन असतो म्हणून लवकर बुक करा. दुपारी आईवडिलांना झोपू द्या, संध्याकाळी स्टॅनले पार्कात ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम खांब (तिथल्या आदिवासींचे कोरीव लाकडी खांब) दाखवा, आणि रविवारी निवांत निघा. सुट्टी अजिबातच नसेल तर आशियाकडे जाणारी काही विमानं मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमाराला असतात ती बघा, दिवसभर थोडी उसंत मिळते, फक्त तिकिटावरची तारीख रविवारची असते आणि एअरपोर्टला शनिवारी रात्री जायचं असतं, हे चार वेळा तपासा, माणसं इथे हमखास चुकतात.

भाऊ पुढच्या जूनमध्ये परत बोलावतोय. या वेळी मी रविवारचीच विमानं बघतेय आणि शनिवारी भावालाही आमच्याबरोबर एक रात्र थांबायला सांगितलंय. लाल बटवा बाबांच्या कपाटात पासपोर्टच्या वर ठेवलेला आहे.