मोतीच्या जागेवरचा दिवा

प्रश्न: आमचा मोती, साधा गावठी कुत्रा, १३ वर्षं घरात होता, पौषात गेला. वडील अजून संध्याकाळी ओट्यावर बसले की त्याच्या कोपऱ्याकडे बघतात. मी वायरमन आहे, तिथे असा दिवा बसवतोय की कोणी आलं की हळूच उजळेल, मोती मान वर करायचा तसा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चालू करायचाय. पण मार्चमध्ये नीट चालणारा सेन्सर आता कधी लागतो कधी नाही, वरून नातेवाईक म्हणतात कुत्र्यासाठी दिवा, येडा झाला का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर: भाऊ, नातेवाईकांचं आधी सांगतो. आखाजीला आपण गेलेल्या माणसाची घागर भरतोच ना, आणि म्हातारा बैल गेला तर स्वतःच्या शेतातच पुरणारे किती शेतकरी आपल्याकडे आहेत, मग १३ वर्षं दार राखणाऱ्यासाठी एक दिवा लावला तर त्यात येडेपणा कसला? राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन कलाकाराने २००६ मध्ये एक खोलीभर बल्ब टांगले, हँडल धरलं की बल्ब तुमच्या नाडीच्या ठोक्यावर लुकलुकतो, पुढचा माणूस आला की तुमचा ठोका एकेक बल्ब पुढे सरकत जातो. वाचलं तेव्हा मला आमची मांजर आठवली होती, खरंच.

आता सेन्सर. तो बिघडलेला नाही, पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो, आपली कातडी ३४-३५ अंश आणि आपल्याकडची भिंत उन्हाळ्यात संध्याकाळीही जवळपास तेवढीच तापलेली, मग फरक उरतो कुठे? रडारवाला सेन्सर घ्या, तो हालचाल ओळखतो, त्याला ऊन बाधत नाही. फक्त तो पातळ भिंतीपलीकडचंही पकडतो, घरात आई स्वयंपाकघरात हलली तरी दिवा लागेल, म्हणून मागे थोडं अंतर ठेवून पत्र्याचा तुकडा लावा.

उजेड पिवळसर ठेवा, पांढरा डोळ्यात घुसतो, आणि दिवा मोतीच्या उंचीवर, गुडघ्याच्या खालीच. झोपलेलं कुत्रं मिनिटाला साधारण २० श्वास घेतं, म्हणजे ३ सेकंदांत एकदा उजळून मंदावेल असं सेट करा, वडिलांना न सांगताही कळेल.

आणि स्विच मात्र वडिलांच्या हाताशी द्या, एखाद्या संध्याकाळी त्यांना नको वाटलं तर उठायला न लागता बंद करता आला पाहिजे.